पेनाचा हिशेब संध्याकाळी होतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात मागच्या रविवारी एका डॉक्टरांचं पत्र आलं होतं. औषध कंपनीने दिलेलं पेन, टेबलावरचं कॅलेंडर किंवा एखाद्या परिषदेची भरलेली फी एवढ्याने कुठल्याही शिकलेल्या डॉक्टरचं मत बदलत नसतं, तो पेशंट बघतो आणि औषध लिहितो, असं त्यांचं म्हणणं. पत्राची भाषा संयत होती. माणूस सज्जन असावा. सज्जन नसता तर मी उत्तर लिहायच्या भानगडीत पडलो नसतो.

मी डॉक्टर नाही. १९८७ ते २०२३ अशी ३६ वर्षं नागपुरात एमआर म्हणून फिरलो, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. आधी लूनावर, मग स्कूटरवर, शेवटी मोटरसायकलवर. चार कंपन्या झाल्या. डॉक्टरांच्या टेबलावर ते पेन ठेवणं माझं काम होतं, आणि त्या पेनाने पुढे काय केलं हे मोजणंही माझंच काम होतं. पहिलं काम डॉक्टरांना दिसतं. दुसरं त्यांच्या दवाखान्याच्या खाली, मेडिकल स्टोअरमध्ये, संध्याकाळी साडेसातनंतर चालतं.

त्याला आमच्यात आरसीपीए म्हणतात. रिटेल केमिस्ट प्रिस्क्रिप्शन ऑडिट असं लांबलचक नाव आहे, पण करायचं एवढंच की काउंटरच्या आतल्या बाजूला, इन्सुलिनच्या फ्रिजला पाठ टेकून उभं राहायचं आणि वरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या बघायच्या. कोणतं औषध, कोणत्या कंपनीचं, किती गेलं. धंतोलीत मेहाडिया चौकाच्या बाजूला एक केमिस्ट होता. मला बघितलं की म्हणायचा, “या भाऊ, तुमच्या सहा गेल्या आज. त्या मुंबईवाल्याच्या चौदा. काय करून राहिले तुम्ही?” मी वहीत मांडायचो: डावीकडे डॉक्टरांचं नाव, मग आमचा ब्रँड, मग समोरच्या कंपनीचा, आणि पुढे आकडे. त्याबद्दल केमिस्टला दिवाळीत मिठाईचा डबा आणि वर्षभर पेनं. काउंटरवर गर्दी असली तर मीच त्याला रॅकवरचे डबे काढून द्यायचो. कुठला डबा कुठे आहे हे त्याच्या पोऱ्यापेक्षा मला जास्त पाठ होतं.

महिनाअखेरीस सीताबर्डीच्या एका हॉटेलात मीटिंग. मॅनेजरसमोर दोन कागद असायचे. एकावर कुठल्या डॉक्टरवर किती ‘इनपुट’, म्हणजे भेटवस्तूंचा खर्च, गेला ते, दुसऱ्यावर माझ्या वहीतले आकडे. दोन्ही शेजारी ठेवून तो बोटाने ओळी जुळवत खाली यायचा. जिथे जुळायचं नाही तिथे बोट थांबायचं, आणि मग माझी पाळी. “या साहेबांना बाराशेचं स्टेथो गेलं आणि तुझ्या वहीत तीन स्ट्रिप? तीन?” समोर बसलेले बाकीचे आठ-दहा जण आपापल्या चहाच्या कपात बघत बसायचे, कारण पुढचं बोट त्यांच्या ओळीवर येणार असायचं. पत्र लिहिणाऱ्या डॉक्टरांना मला एवढंच विचारायचं आहे की पेनाने काही होत नसतं, तर ते पेन वर्षामागून वर्ष छापलं कशाला गेलं असतं? ज्याचा उपयोग नाही त्यावर दुसऱ्या तिमाहीत पुन्हा पैसे टाकणारा मॅनेजर मी तरी पाहिला नाही.

आणि ‘गिफ्ट’ हा शब्द आमच्या धंद्यात सहसा कुणी तोंडाने उच्चारत नाही. शब्द आहे सपोर्ट. डॉक्टर म्हणायचे, “अरे, फेब्रुवारीत आमची कॉन्फरन्स आहे, कंपनीकडून काही सपोर्ट होईल का?” मी बघतो म्हणायचो, आणि केबिनमधून निघता निघता हात जोडून म्हणायचो, “सर, तेवढा सपोर्ट राहू द्या.” दोघांनी एकच शब्द वापरला, दोघांना नेमकं कळलं, आणि सौदा झाला असं त्यात कुठेही बोट ठेवून दाखवता आलं नसतं.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण तो माझ्या डोक्यातून जात नाही. २००४ चा मे महिना. नागपूरहून तासाभरावरचं तालुक्याचं गाव, नाव सांगत नाही. तिथले एक डॉक्टर, एमबीबीएस, रात्री-बेरात्री उठून बाळंतपणाला जाणारे. गावातले लोक त्यांना देवासारखं मानत आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. कपाळ पुसत एवढंच म्हणाले, “यंदा कूलरनं काही होऊन नाही राहिलं बुवा.” ते वाक्य मी त्या रात्री रिपोर्टमध्ये टाकलं. पंधरा दिवसांत दीड टनाचा एसी मंजूर होऊन आला. मंजुरीच्या फॉर्मवर एक रकाना होता, ‘अपेक्षित व्यवसाय’. मॅनेजरने फोनवरून भरायला लावला: आमच्या अँटिबायोटिकच्या महिन्याला २५० स्ट्रिप, दहा महिने. एसी टेम्पोतून गेला, मी आणि मिस्त्री एसटीने. डॉक्टर संकोचले. “अहो, याची काय गरज होती,” असं दोनदा म्हणाले. त्यांच्या सौभाग्यवतींनी आम्हाला पन्हं दिलं. एसी सुरू झाल्यावर बाहेर बाकावर बसलेल्या दोन म्हाताऱ्या बाया दारातून येणाऱ्या गार हवेला तोंड करून बसल्या, तेही आठवतं. मला त्या दिवशी आपण काही वाईट केलं असं अजिबात वाटलं नाही.

सप्टेंबरमध्ये त्यांच्या दवाखान्याशेजारच्या केमिस्टकडे वही उघडली. लहान पोरांच्या चिठ्ठ्यांवर सर्दीचं सिरप, तापाचं औषध आणि तिसरी ओळ आमच्या सेफिक्झिमची, म्हणजे त्याच अँटिबायोटिकची. सगळ्यांच्या चिठ्ठीवर नव्हती. पण आधी जिथे हे डॉक्टर “दोन दिवस वाट बघू” म्हणून परत पाठवायचे, तिथे आता लिहून मोकळे होत होते. २५० चा आकडा त्यांना कुणी सांगितला नव्हता. मी तरी नाही सांगितला. तो दिवाळीच्या आधीच गाठला गेला. मला त्या तिमाहीचा इन्सेन्टिव्ह मिळाला आणि मी मुलीला सायकल घेतली.

त्या डॉक्टरांना लाचखोर म्हणाल तर मी भांडेन. मोबदला म्हणून आपण काही लिहितोय, हे त्यांच्या मनाला शिवलंही नसेल. पण आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात. मी दर पंधरा दिवसांनी त्यांच्यासमोर बसायचो, डोक्यावर तो एसी घुर्र करायचा, आणि दोघांपैकी कुणीही त्याच्याकडे बघायचं नाही. कंपनीला हीच भीड हवी असते. उघड पैसे मागणारा डॉक्टर आमच्या यादीत खरं तर खाली असायचा. तो आज आमच्याकडून घेतो, उद्या दुसऱ्याने दोन टक्के जास्त दिले की तिकडे. भिडस्त माणूस टिकतो. म्हणून सज्जन डॉक्टर जेव्हा लिहितात की आमच्यावर परिणाम होत नाही, तेव्हा मला त्यांच्या प्रामाणिकपणाची शंका येत नाही, त्यांच्यासारख्यांच्याच भरवशावर माझं घर चाललं हे आठवतं.

सगळेच तसे नव्हते हेही लिहिलं पाहिजे. महालात एक म्हातारे डॉक्टर होते, आता नाहीत. माझं व्हिज्युअल एड, म्हणजे औषधांची माहिती दाखवायची चित्रांची फाइल, उघडायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा, “किंमत सांग.” मी किंमत सांगितली की टेबलाच्या काचेखालून एक कागद ओढायचे. त्यावर त्यांच्या हाताने, पेन्सिलीने, प्रत्येक औषधापुढे चार-चार कंपन्यांचे भाव. माझा भाव खोडून नवा लिहायचे, आणि स्वस्त असला तरच मान हलवायची. दिवाळीचा डबा एकदा नेला तर म्हणाले, “बाहेर कंपाउंडरकडे दे, पेशंटला वाटेल.” सॅम्पल मात्र मोजून मागून घ्यायचे. ‘विक्रीसाठी नाही’ छापलेल्या त्या स्ट्रिप एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात असायच्या आणि हातगाडीवाल्यांना, मोलकरणींना जायच्या. त्यांच्या नावापुढे माझ्या वहीत बहुतेक महिन्यांत शून्य आहे. मॅनेजर म्हणायचा, तिथे वेळ घालवू नको. मी जायचो. खरं सांगायचं तर तिथे पंख्याखाली बसायला मिळायचं आणि कुणी घाई करायचं नाही.

आता नियमांबद्दल, कारण पत्रात “कडक नियम आहेतच” असं एक वाक्य आहे. नियम आहेत, आणि प्रत्येक नियमाची आमच्या मीटिंगमध्ये काय गत झाली ते मी पाहिलं आहे. डिसेंबर २००९ मध्ये मेडिकल कौन्सिलने २००२ च्या आचारसंहितेत दुरुस्ती करून डॉक्टरांना भेटवस्तू, प्रवास, हॉटेल, रोख रक्कम, सगळं घ्यायला मनाई केली. जानेवारीच्या मीटिंगला आम्ही धास्तावून गेलो की आता नोकरीच जाते. मॅनेजर निवांत होता. त्याने आम्हाला फक्त नवे शब्द दिले. प्रवासाचं झालं ‘सल्लागार मंडळाची बैठक’. रोख रकमेचं झालं ‘सर्व्हे’. हा सर्व्हे म्हणजे दहा प्रश्नांचा एक फॉर्म, आमची गोळी पेशंटला कशी वाटली याबद्दलचा. असे कितीतरी फॉर्म मी टपरीवर चहा पिता पिता स्वतः भरले आहेत, वेगवेगळ्या पेनांनी. खाली डॉक्टरांची सही, की मानधनाचा चेक. दिलेलं पेन तेवढ्यापुरतं उपयोगी पडायचं.

२०१६ मध्ये शिक्षेचं कोष्टक आलं. हजार ते पाच हजारांची भेट घेतली तर ताकीद, दहा हजारांपर्यंत तीन महिने नोंदणी रद्द, पन्नास हजारांपर्यंत सहा महिने, लाखापर्यंत एक वर्ष, त्यापुढे त्याहून जास्त. वाचायला भारी वाटतं. पण त्याच दुरुस्तीत डॉक्टरांच्या संघटनांना या कलमातून बाहेर काढलं. म्हणजे एका डॉक्टरला जेवू घातलं तर नियमभंग, आणि त्याच डॉक्टरच्या संघटनेच्या परिषदेत स्टॉल घेऊन चारशे डॉक्टरांना जेवू घातलं तर ज्ञानप्रसार. वर्धा रोडवरच्या हॉटेलांच्या हॉलमध्ये मी असे बरेच ज्ञानप्रसार उभ्याने पाहिले आहेत. भाषण चालू असताना हॉल अर्धा भरलेला असतो, जेवणाच्या वेळी पूर्ण.

दरारा पाहिला तो एकदाच, आणि तो वैद्यक परिषदेचा नव्हता, इन्कम टॅक्सचा होता. चेन्नईच्या अपेक्स लॅबोरेटरीज या कंपनीने डॉक्टरांना दिलेली सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप यांचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून दाखवला होता. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २२ फेब्रुवारी २०२२ ला न्या. उदय लळित आणि न्या. रवींद्र भट यांनी सांगितलं की जे घेणं डॉक्टरला मना आहे, ते दिल्याबद्दल कंपनीला करात सूट मागता येणार नाही. शिवाय या भेटी फुकट नसतातच, त्यांची किंमत औषधाच्या किमतीत घातलेली असते, हेही त्या निकालात आहे. त्याच वर्षी १ जुलैपासून दुसरा नियम आला: वर्षाला वीस हजारांच्या वर काही दिलं तर देणाऱ्याने दहा टक्के टीडीएस कापायचा. म्हणजे डॉक्टरांचा पॅन नंबर हवा. तो मागायचं काम अर्थातच आमच्यावर आलं. एका डॉक्टरांकडे मी वीस वर्षं जात होतो, त्यांच्या मुलाच्या मुंजीत पंगतीत वाढलं होतं. पॅन मागितल्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच त्यांच्या घरी धाड घेऊन आलो. “राहू दे, यंदा आपल्याला काही नको,” म्हणाले. ३५ वर्षांत पहिल्यांदा मी घेणाऱ्याच्या तोंडून “काही नको” ऐकलं, आणि ते कागदावर नाव येईल म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर येतो.

बाकीचं भराभर सांगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या वैद्यक आयोगाने कडक नियमावली काढली, ती २ तारखेला आली आणि २३ तारखेला स्थगित झाली. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने कंपन्यांसाठी संहिता काढली. डॉक्टरला किंवा त्याच्या घरच्यांना भेट नाही, ब्रँडची आठवण देणारी वस्तू हजार रुपयांच्या आत, एका औषधाची वर्षाला बारा सॅम्पल पाकिटं, डॉक्टरची भेट मिळावी म्हणून एमआरने पैसे द्यायचे नाहीत. चांगलं आहे. पण तक्रार ऐकणार कोण, तर कंपन्यांच्याच संघटनेची समिती. आणि गल्लीबोळातल्या ज्या पीसीडी कंपन्या, म्हणजे दुसऱ्याकडून गोळी बनवून घेऊन एजंटामार्फत विकणाऱ्या, कुठल्या संघटनेत नाहीत, ज्यांची गोळी एकाच डॉक्टरच्या खालच्या एकाच दुकानात मिळते, त्यांना कोण विचारतं? या संहितेला कायद्याचं बळ द्या म्हणून सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं माहीत आहे? आम्हीच, म्हणजे एमआरची अखिल भारतीय संघटना. ज्यांच्या हातून हे सगळं जातं त्यांनीच ते थांबवा म्हणून सांगावं, यावरून काय ते समजा.

नव्या संहितेखाली एक मोठं प्रकरण झालं. डिसेंबर २०२४ मध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीवर सरकारने ठपका ठेवला. सौंदर्योपचारांच्या परिषदेच्या नावाने तिने ३० डॉक्टरांना पॅरिस आणि मोनॅकोला नेलं होतं, खर्च १ कोटी ९१ लाख. कंपनीचं नाव सगळीकडे छापून आलं. मी वाचलेल्या बातम्यांत त्या तीसपैकी एकाही डॉक्टरचं नाव नव्हतं.

आता माझ्या घरचं. मागच्या दिवाळीनंतर सौ.च्या गुडघ्यांनी उचल खाल्ली म्हणून रामदासपेठेत एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणी नीट झाली, डॉक्टर सौम्य बोलले, एक्स-रे समजावून सांगितला. चिठ्ठीवर पाच ओळी होत्या. वेदनाशामक, त्याच्यासोबत पित्ताची गोळी, कॅल्शियम, आठवड्याची ड जीवनसत्त्वाची पुडी, आणि पाचवी एक कोलेजनची गोळी, महिनाभर. माझा भाचा सध्या या लाइनमध्ये आहे. खाली केमिस्टकडे उभ्याउभ्या त्याला चिठ्ठीचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, “मामा, पाचवी बाकूची आहे.” म्हणजे त्या ब्रँडवर यंदा अझरबैजानची सहल चालू आहे.

दहा गोळ्यांची स्ट्रिप साडेचारशेच्या घरात. सवयीने मी ती उलटी केली. सामान्य गिऱ्हाईक स्ट्रिपची पुढची बाजू बघतं, एमआर मागची बघतो. बनवणारा हिमाचलातल्या बद्दीचा कुठला तरी कारखाना, विकणारी कंपनी वेगळीच. औषधाचा परवाना क्रमांक नाही, त्याजागी एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपदार्थांच्या सरकारी प्राधिकरणाचा, बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा. आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, चष्मा कपाळावर सरकवून वाचावं लागलं: औषधी वापरासाठी नाही. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, औषध म्हणून. ती अन्नपूरक असल्यामुळे तिची किंमत औषधांच्या किमती बांधणाऱ्या सरकारी यादीतही येत नाही. अपेक्सचं प्रकरणही अशाच एका पूरक गोळीवरून झालं होतं, हे आठवलं.

सौ.ला म्हणालो, चार घेऊ, ही पाचवी राहू दे. ती म्हणाली, “डॉक्टरांनी लिहिली नं? मग घ्या चुपचाप. तुमचं काय, तुम्हाला सगळीकडे कंपनीच दिसते.” केमिस्ट दोघांकडे आळीपाळीने बघत होता. मी घेतली. ३६ वर्षं हेच विकलेल्या माणसाने, सगळं समजून, तीन स्ट्रिपचे पैसे मोजले. त्या गोळीने गुडघ्याला काही होतं की नाही यावर मी बोलणार नाही, ते माझं क्षेत्र नाही. कदाचित त्या डॉक्टरांना खरंच तिचा गुण वाटत असेल. कदाचित ते बाकूला जाणारही नसतील. पण मला हे कळायला मार्ग नाही, आणि चांगल्या डॉक्टरबद्दल मनात जी पाल चुकचुकली ती त्या दिवसापासून थांबलेली नाही. पत्र लिहिणाऱ्या डॉक्टरांना राग यायचा तर या गोष्टीचा यावा. अशा संशयाने न घेणाऱ्यांचंच जास्त नुकसान होतं. महालातल्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांबद्दलही आज कुणी असंच म्हटलं असतं, आणि काचेखालचा तो कागद सगळ्यांना थोडाच दिसतो.

म्हणून माझी मागणी नव्या बंदीची नाही. बंदी आली की आम्ही शब्द बदलतो, सांगितलंच. माझी मागणी आहे ती नावं छापायची. अमेरिकेत २०१० मध्ये तसा कायदा झाला. औषध कंपनीने कुठल्या डॉक्टरला किती दिलं, कशासाठी दिलं, हे तिथे सरकारला कळवावं लागतं, आणि २०१४ पासून ते सगळं एका सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. डॉक्टरचं नाव टाका, भाषणाचं मानधन, विमानाचं तिकीट, दुपारचं जेवणसुद्धा दिसतं. तिथे त्यामुळे रामराज्य आलं असं नाही. पण पेशंटला बघता तरी येतं. आपल्याकडे कुणी म्हणेल की एवढी माहिती गोळा कोण करणार. अहो, ती गोळा झालेली आहे. प्रत्येक कंपनीकडे डॉक्टरवार, महिन्यावार, रुपयात आहे, आणि ती किती चोख असते हे मी सीताबर्डीच्या त्या मीटिंगांमध्ये भोगलं आहे. आता तर वहीही नाही, भाचा मोबाइलवरच भरतो. तीच यादी केंद्राने मागावी आणि लोकांसमोर ठेवावी. पॅन नंबर मागितल्यावर जो माणूस “काही नको” म्हणाला, तो नाव छापून येणार म्हटल्यावर काय म्हणेल, याचा अंदाज मला आहे. आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला यासाठी केंद्राची वाट बघायचीही गरज नाही. नोंदणीचं नूतनीकरण करताना डॉक्टरांकडून एक पानाचं प्रतिज्ञापत्र घेता येईल: गेल्या पाच वर्षांत कुणाकडून काय घेतलं. ज्यांनी काही घेतलं नाही त्यांना ते भरायला अर्धा मिनिट लागेल.

जेनेरिकवाले मित्र म्हणतील की ब्रँडच नको, म्हणजे प्रश्नच मिटला. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात स्वस्त जेनेरिक औषधांचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे, ते इथून तास-दीड तासावर आहे, जाऊन बघावं. पण शहरात ब्रँड इतक्यात जाणार नाही, आणि भाच्यासारख्या पोरांची पोटं त्यावर आहेत. तो विषय पुन्हा कधी.

माझं नाव कृपया छापू नये. मला आता कुणी काही करणार नाही, पण भाच्याला उद्या पुन्हा त्याच केबिनबाहेर उभं राहायचं आहे. नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे.

शेवटी त्या पत्रलेखक डॉक्टरांसाठी. आपण पत्राखाली धंतोली लिहिलं आहे, म्हणजे आपण माझ्या टेरिटरीत होतात. माझ्या वह्या माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत आहेत, १९९१ पासूनच्या. सौ. दर दिवाळीला रद्दीत घाला म्हणते, मी अजून घातलेल्या नाहीत. आपल्या नावाचं पान त्यात बहुधा असेल, कुठल्या महिन्यात काय दिलं आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत काय लिहिलं गेलं यासकट. ते मी कुणाला दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही. आपल्याला बघावंसं वाटलं तर संपादकांकडून पत्ता घ्यावा, संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो. चहा माझ्या खर्चाने.

आपला,
एक निवृत्त एमआर, नागपूर